रांजणावरचा वार

मामाजी, आज नववा दिवस. सगळे जेवून आडवे झालेत, तुमच्या मोठ्या बहीण, सिहोऱ्याच्या फुलाबाई, ओसरीत घोरून राहिल्यात, आणि मी मागे सांदवाडीत तुमच्या टाक्याच्या काठावर बसून हे लिहिते आहे. ऊन असं की मांडीवरची वही तापली. पण आत बसवत नाही. दर घटकेला उठून मासे मोजायला यायचं, त्यापेक्षा इथंच बसलेलं बरं. आत्ता चौदा आहेत. मघाशीही चौदाच होते.

तुम्ही असते तर हसले असते. "मोजल्यानं मासे वाढत नाही, सूनबाई." वाढत नाहीत हे मलाही कळतं, पण कमी झाले तर समजतं ना.

फुलाबाईंनी सांगून ठेवलं आहे की दहाव्याच्या आत यातला एक जरी मासा मेला तर समजायचं, बापूचा, म्हणजे तुमचा, जीव टाक्यात अडकला. उद्या दहावा. मी जन्माची भित्री, हे तुम्हाला मी सांगायला नको. लाखांदूरला माहेरी बोडीच्या काठावर घर, पण अकराव्या वर्षापर्यंत मी पाण्यात पाय घातला नव्हता. तेव्हा या नऊ दिवसांत माझं काय झालं असेल ते समजून घ्या. काल दुपारी त्यातली टिकली बराच वेळ तळाशी बसून होती, हलेना, तर माझी पाचावर धारण बसली. काडीनं पाणी ढवळलं तेव्हा ती वर आली आणि माझ्याकडे पाहून परत गेली. रागावली असेल.

तुम्ही भूत होऊन आलात तर मी घाबरणार नाही. चहा टाकीन. माझी भीती वेगळीच आहे, जुनी आहे, आणि तुम्ही जिवंत असताना ती मी तुमच्यापुढे कधी उघडली नाही.

आणीबाणीच्या वर्षी लग्न होऊन मी तुमसरला आले. तेव्हा हे टाकं नव्हतं. गोठा रिकामा झाला म्हणून उरलेली सिमेंटची नांद होती, आणि त्या नांदेत नऊ लाल-सोनेरी मासे. तुम्ही राईस मिलमध्ये फिटर. मशीनचा कुठलासा भाग आणायला मालकानं तुम्हाला कलकत्त्याला पाठवलं, आणि तुम्ही तो भाग आणि हे मासे घेऊन आलात. तेलाच्या रिकाम्या पिंपात पाणी, पिंप दोन पायांच्या मधे, आणि हावडा मेलमध्ये दीड दिवस हातानं पाणी हलवत बसलेले, हवा मिळावी म्हणून. आत्याबाई, माझ्या सासूबाई, अजून सांगतात, तुमसर रोडला उतरले तेव्हा यांचा उजवा हात भिजून भिजून म्हाताऱ्या बाईच्या हातासारखा झाला होता. मला सगळ्यांनी हीच गोष्ट पहिल्या आठवड्यात सांगितली. ती ऐकून मी नांदेजवळून जाताना पदर सावरून जायची, जणू आत सासरेच बसलेत.

नांदेशेजारी तीन रांजण होते, गळ्यापर्यंत भरलेले, वर फडकं. ते कशासाठी, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. नव्या सुनेनं विचारू नये, पाहून शिकावं, असं आईनं सांगून पाठवलं होतं. आईनं आणखी एक सांगितलं होतं: सकाळी उठल्या उठल्या शिळं पाणी ओतायचं, भांडी घासायची, ताजं भरायचं. ज्या घरात शिळं पाणी राहतं त्या घरात दळिद्र राहतं. आमच्याकडे तर कालच्या पाण्याचा गडू कोणाच्या हाती दिला तर अपमान मानायचे.

तर लग्नाच्या तिसऱ्या आठवड्यात, सकाळी, नळ आला. रांजणात पाहिलं तर पाण्यावर धुळीची साय, निंबाचं एक पान. मला लाज वाटली. आपण घरात असताना हे पाणी दोन दिवसांचं. तीनही रांजण मी बादलीनं उपसले, राखेनं आणि नारळाच्या काथ्यानं आतून घासले, नळाला नळी लावून काठोकाठ भरले आणि फडकी धुऊन परत बांधली. कंबर मोडली. कोणी पाहिलं नाही याचं थोडं वाईटही वाटलं.

तो तुमचा नांद धुण्याचा दिवस होता. तुम्ही दुपारी मिलमधून आलात, मासे पिंपात काढले, नांद धुतली, तीनही रांजण नांदेत रिकामे केले आणि मासे परत सोडले. त्या वर्षी गावात गॅस्ट्रोची साथ होऊन गेली होती, नळाला ब्लीचिंगचा असा वास यायचा की चहातही लागायचा. मला त्या वासाचं आणि माशांचं नातं माहीत असायचं काही कारण नव्हतं. दिवेलागणीला मासे वर येऊन तोंड उघडमिट करत होते. मला वाटलं, नवं पाणी आवडलं, खेळून राहिलेत.

सकाळी सात उलटे होते. कल्ले पांढरे, परांवर रक्ताच्या रेघा. दोन तेवढे जिवंत, त्यातली एक ही टिकली, पांढऱ्या अंगाची, कपाळावर लाल ठिपका असलेली.

तुम्ही ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी तेव्हाच रडून सगळं सांगून टाकलं असतं. तुम्ही ओंजळीत पाणी घेऊन वास घेतला आणि दारात येऊन विचारलंत, "रांजनात कोनं काही टाकलं काय?"

मी चुलीपुढे होते. म्हटलं, "नाही जी."

खोटं नव्हतं ते. मी टाकलं काहीच नव्हतं, काढलं होतं.

"मंग पान्याले वास कायचा येते?" तुम्ही स्वतःलाच विचारत होते. मग उंबऱ्यावर बसलात. "म्हंजे कालच भरले असन मी. भरले अन् भुललो. ताजंच ओतलं मी त्याइच्या अंगावर."

आत्याबाई म्हणाल्या, "तुमी कायले भुलता?"

"बाबाबी असेच भुलत," तुम्ही म्हणाले. "पह्यले असंच लहानसहान."

तुमच्या वडिलांचं मला नंतर कळलं. म्हातारपणी ते घर विसरले. सिहोऱ्याच्या रस्त्यावर धोतराचा सोगा हातात धरून उभे सापडायचे, आणि लोक बैलगाडीत घालून आणून सोडायचे. शेवटी तुम्हालाच विचारायचे, तू कोणाचा रे. तुमच्या मनात ही पाल किती वर्षांपासून चुकचुकत होती, मला काय माहीत? मी आपली माझ्या भीतीत. सात मासे मारले म्हटलं की माहेरी पाठवतील, एवढंच माझ्या डोक्यात. दातखीळ बसली ती बसलीच.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मिलच्या पोत्यांवर आकडे टाकायचा खडू घेऊन आलात आणि प्रत्येक रांजणावर भरला तो वार लिहिला. सोम. मंगळ. बुध. ब्लीचिंग उडायला दोन दिवस लागतात, ते झाल्याशिवाय त्यातला थेंब माशांना नाही. मला वाटलं, चला, मिटलं.

मिटलं कुठे? महिन्याभरानं तुम्ही मालकाला सांगून मशीनवरून काट्यावर बदली करून घेतली. घरी कारण सांगितलंत, कान दुखतात. खरं कारण मी माजघरातून ऐकलं, तुम्ही आत्याबाईंना सांगत होते: "पट्टा चालू ठेवून मी भुललो, अन् कोनाचा हात गेला तं? या खेपेले मासे होते म्हनून भागलं." पंचवीस वर्षं तुम्ही नुसत्या आवाजावरून मशीनचं दुखणं सांगायचे, आणि त्यानंतर दिवसभर पोती वजन करत बसलात. त्या दिवशी मी भाकरी थापत होते, ती तव्यावर जळून कोळसा झाली. आत्याबाई म्हणाल्या, लक्ष कुठं आहे वो तुयं.

तेव्हा सांगायला हवं होतं. पण आधी सात माशांचं पाप होतं, आता तुमच्या कामाचंही आलं. दर वर्षी त्यात भर पडत गेली. तुम्ही चष्मा विसरलात की म्हणायचे, "हे तं जुनं आहे, मासे मेले तवापासून." पाव्हण्याचं नाव आठवलं नाही की तेच. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं ते प्रत्येक वेळी मला येऊन लागायचं. चष्मा कोण विसरत नाही? हे, तुमचे चिरंजीव, तर स्वतःची पायताणं रोज शोधतात, त्यांना कोणी काही म्हणत नाही.

आणि तुम्ही काय केलंत, तर माझ्यावरच सगळं सोपवलंत. हे मोठं टाकं बांधलं तेव्हा म्हणाले, "सूनबाई, आता तू ध्यानात ठेवजो. माया भरोसा नाही." मी नांदेशी लाजून जाणारी बाई, तुम्ही मला टाक्यात गुडघाभर उतरवलंत. पानं रोज काढायची, तळाची घाण आठवड्याला उपसायची, पण पाणी सारं कधीच बदलायचं नाही, चौथा हिस्सा फक्त. उन्हाळ्यात अर्ध्या टाक्यावर तट्ट्या. हाताला साबण असला तर हात घालायचा नाही. पहिले नाक, मग हात. आधी पाण्याचा वास, नंतर बाकी सगळं. हे तुम्ही इतक्या वेळा म्हणाले की मी आता दूधही तसंच पाहते.

भांडलोही. खाण्यावरून तर रोज. तुम्ही मिलचा बारीक कोंडा आणि डाळीचं पीठ मळून नखाएवढी गोळी टाकायचे, आणि मला वाटायचं, एवढ्यानं काय होतं त्यांचं. मी मागून आणखी टाकायची. पाणी हिरवं झालं की तुम्हाला कळायचं. "मासा भुकेनं नाही मरत, मायेनं मरते," तुम्ही म्हणायचे. मी म्हणायची, मायेनं कोणी मरत नाही. हा वाद आपला अर्धाच राहिला.

दुसरा वाद, त्यांना माझ्या माहेरच्या बोडीत सोडण्याचा. मी सांगायची, मोकळं पाणी आहे, जगतील. खरं तर मला त्यांच्यापासून सुटका हवी होती. रोज सकाळी दार उघडताना वाटायचं, आज कोणी उलटं असेल का. तुम्ही म्हणाले, "सोनं तलावात टाकाचं नसते. बगळ्याले दुरून दिसते."

नागपूरहून तो जपानी मासा आणला तेव्हा मात्र आपण सगळेच हसलो होतो. दुकानदारानं नाव सांगितलं कोई. आत्याबाईंनी विचारलं, "हे कोन आनलं?"

"कोई आहे."

"कोई तं असनच. पन कोन?"

तुम्ही काठावर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलात. तो अजून आहे, सगळ्यांची गोळी हिसकून खातो आणि चांगला लठ्ठ झाला आहे.

मागच्या हिवाळ्यात टिकलीच्या पाठीवर कापसासारखं पांढरं आलं. तुम्ही तिला घमेल्यात शिळ्या पाण्यात वेगळं ठेवलंत, खडे मीठ विरघळवून. पाच दिवस रोज पाणी बदलायचं, तुम्ही घमेलं धरायचं आणि मी तिला ओंजळीत उचलायचं. मी तिच्या डोळ्यांकडे पाहायची नाही. ती एकटीच होती ना त्या दिवसाची साक्षीदार. पाचव्या दिवशी पांढरं गळून पडलं तेव्हा तुम्ही म्हणाले, "तुया हात हलका आहे."

मला सहन झालं नाही. मी म्हटलं, "मामाजी, एक सांगायचं होतं."

"सांग."

तुम्ही माझ्याकडे पाहत होते, घमेलं तसंच हातात. तोंडापर्यंत आलेलं. आणि मी म्हटलं, "मीठ संपलं."

"आनतो," तुम्ही म्हणाले, आणि पिशवी घेऊन निघालेही. डबा मिठानं अर्धा भरलेला होता. आल्यावर तुम्ही तो पाहिलात आणि नवं मीठ त्यातच ओतलंत. मीठ आहे हेही आपण विसरलो, असं तुम्हाला वाटलं असणार. माझ्या लक्षात आलं ते रात्री भांडी आवरताना.

तुम्ही गेलात त्या दुपारी तुम्हाला नेल्यावर फुलाबाईंनी बायकांना कामाला लावलं. "घरातलं पानी ओता वो सारं. मडं होतं घरात." रीतच आहे, मलाही माहीत आहे. गुंड, घागरी, माठ, सगळं अंगणात रिकामं झालं. मग त्या मागे आल्या आणि रांजण पाहिले. टाकंही पाहिलं.

"हे काय घरचं पानी नोहोय? ओता. टाकं उपसा, अन् नळानं ताजं भरा."

शेजारणीनं बादली उचललीच. मामाजी, मी अकरा वर्षांत त्या बाईंपुढे मान वर केली नव्हती. मी रांजणांच्या आडवी जाऊन उभी राहिले. मयताची रीत मोडली तर तुम्हाला गती मिळणार नाही, आणि नाही मोडली तर उद्या सकाळी चौदाही उलटे. दोन्हीकडून मीच मारणारी.

"नका ओतू जी," मी म्हटलं. "ते शिळं आहे. ताज्या पाण्यानं मरतील."

"पोरी, घरातला मानूस गेला अन् तुले मासोळ्याइचं पडलं?"

तेव्हा निघालं तोंडातून. "मागं मीच ओतलं होतं. लग्नाच्या वर्षी. ते सात मीच मारले. मामाजी काही भुलले नव्हते, मीच रांजण धुऊन ताजं भरलं होतं आणि सांगितलं नाही."

कोणाला काही कळलं नाही. शेजारीण बादली धरून उभी. फुलाबाईंना वाटलं, दुःखानं माझं डोकं फिरलं. फक्त आत्याबाईंना कळलं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, तोवर रडल्या नव्हत्या.

"हे त्याइले सांगाचं होतं ना व, विमल," त्या म्हणाल्या.

एवढंच. मग फुलाबाईंकडे वळून म्हणाल्या, "राहू द्या ते पानी. त्याइच्या हातचं आहे." आणि तेव्हा कुठे त्यांना रडू आलं.

त्यावर फुलाबाईंनी ती दहाव्याची धमकी घातली. त्यांचंही खरं आहे, भाऊ गेला, आणि सून रांजणाला मिठी मारून बसलेली.

नऊ दिवस मी पाणी जपून वापरलं. दोन रांजण रिकामे करून परत भरले, पण त्यांच्यावरची तुमची अक्षरं पुसली नाहीत. खडूला हातही लावला नाही. वाटलं, डावीकडून उजवीकडे, लक्षात ठेवू. दोनच तर आहेत. तिसरा राखून ठेवला होता. त्यावर तुमच्या हातचं 'गुरु' आहे. तुम्ही शनिवारी गेलात. गुरुवारी सकाळी तुम्ही नळी लावून तो भरलात, मी खिडकीतून पाहिलं होतं.

मी रोजच पाहायची, मामाजी. हे तर तुम्हाला मुळीच माहीत नाही. तुम्ही भरायचे, वार लिहायचे, आणि तुम्ही मिलला गेलात की मी येऊन कॅलेंडरशी ताडून जायची. आधी भीतीनं, खरंच काही चुकलं आणि परत मासे मेले तर म्हणून. पुढे या आशेनं की एकदा तरी चुकाल. एक वार चुकला असता तर म्हटलं असतं, बघ, विसरतातच ते, तुझं काही नाही त्यात. मी सुटले असते. अकरा वर्षं रोज पाहिलं. एकही वार चुकला नाही.

दोन-तीन दिवसांच्या उन्हानं टाक्याचं पाणी वीतभर खाली गेलं, आज सकाळी रांजण ओतायची वेळ आली. आणि माझ्या लक्षात येईना की पहिल्या दोनातला जुना कोणता. दोन्हींच्या तोंडाशी वाकले. पहिले नाक. एकाला वास होता. दुसऱ्याला नव्हता. दुसरा ओतला. मासे होते तसे फिरत राहिले, कोई वर येऊन तोंड वाजवून गेला. मग नळ आला, तो रांजण परत भरला, आणि म्हटलं आता लिहिल्याशिवाय भागायचं नाही. तुमचा खडू कोनाड्यातच होता, तुमच्या बोटांनी एका बाजूनं झिजलेला. जुनं अक्षर पदरानं पुसलं, खडू टेकवला आणि मला वार आठवेना.

उभी राहिले तशीच. शनिवार की रविवार? की सोमवारच आला? नऊ दिवस सगळे सारखेच गेलेले. डोक्यात नुसता अंधार, आणि खडू हातातून खाली पडला. तेव्हा मला समजलं, तुम्ही रोज सकाळी इथं उभं राहून काय सोसत होते. मला ते एकदा झालं. तुम्हाला अकरा वर्षं रोज, आणि काही कारण नसताना.

आत जाऊन आत्याबाईंना विचारलं. त्यांनी सांगितलं आणि माझ्यामागे सांदवाडीपर्यंत आल्या. त्यांच्यासमोर लिहिलं, रवि. अक्षर वाकडं आलं आहे.

तिसऱ्या रांजणाला मी हात लावलेला नाही. उद्या तुमच्या नावानं नदीवर सगळे जातील, मग फुलाबाई सिहोऱ्याला जातील, आणि त्यानंतर तो मी टाक्यात ओतीन, टिकली असेल त्या बाजूनं, हळू. त्याआधी तुम्हाला सांगायचं राहिलं ते सांगते. गुरुवारच होता, मामाजी. तुम्ही बरोबर लिहिलं होतं. तुम्ही कधीच काही भुलले नव्हते.